जिल्ह्याचा पेपर

वर्तमानपत्रे कोणी संपवली, असे आज कुणालाही विचारले तर उत्तर तयार असते : मोबाइलने. मोठ्या शहरांतल्या मोठ्या दैनिकांपुरते ते बरेचसे खरेही आहे. पण जिल्ह्याच्या गावी निघणारी आणि जिल्ह्यापुरतीच खपणारी जी दैनिके आपल्याकडे होती, त्यांना घरघर लागली ती मोबाइल हातात येण्याच्या कितीतरी आधी. मी अशाच एका दैनिकात पंचवीसेक वर्षे काम केले. आधी मुद्रितशोधक म्हणून, नंतर उपसंपादक म्हणून. ते बंद पडले तेव्हा आमच्या गावात मोबाइलचा मनोरासुद्धा उभा राहिलेला नव्हता. म्हणून या मरणाची कारणे जरा मागे जाऊन शोधायला हवीत, असे मला वाटते.

मराठी पत्रकारितेचा इतिहास आपण बहुधा मुंबई-पुण्याचा इतिहास म्हणून शिकतो. ६ जानेवारी १८३२ चे 'दर्पण', १८४९ चा 'ज्ञानप्रकाश', १८८१ चा 'केसरी'. पण याच इतिहासाची दुसरी एक ओळ गावोगावी चालत आली आहे. मुकुंदराव पाटील १९१० पासून 'दीनमित्र' हे साप्ताहिक नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून काढत होते. १९१८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले. १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात 'तरुण भारत' काढला. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' सुरू केला तेव्हा तिकडे निजामाचे राज्य होते. बंदी आली की नाव बदलायचे आणि नव्या नावाने अंक काढायचा, असे करत त्या पत्राने पहिली वर्षे काढली. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली ते त्या प्रदेशाचे दैनिक झाले. कोल्हापूरचा 'पुढारी', नाशिकचा 'गांवकरी', सोलापूरचा 'संचार', साताऱ्याचे 'ऐक्य' ही नावे तर आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहेत. यांतले काही पेपर वाढून मोठे झाले, काही तग धरून राहिले, आणि 'मराठवाड्या'सारखे काही बंद पडले.

या दैनिकांना बरे दिवस आले ते महाराष्ट्र राज्य झाल्यावर. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी यांचा पैसा आता जिल्ह्याच्या गावी वाटला जाऊ लागला. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँक, बाजार समित्या उभ्या राहिल्या. सत्ता जिल्ह्यात आली, तशी तिची बातमीही जिल्ह्यात तयार होऊ लागली. अमुक गावची शाळा मंजूर झाली का, बदली कुणाची झाली, कारखान्याने उसाला पहिली उचल किती दिली, हे मुंबईच्या पेपरात येत नसे. ते आमच्याकडे येई, आणि त्याचसाठी लोक आमचा चार पानी पेपर विकत घेत.

तो पेपर कसा निघत असे, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. खिळे जुळवणारे चार-पाच कंपोझिटर, एक छपाईयंत्र, एक टेलिफोन आणि तीन-चार माणसांचे संपादकीय खाते, एवढाच संसार. वृत्तसंस्थेचा टेलिप्रिंटर घेणे लहान पेपरांना परवडत नसे. मग देशाच्या बातम्या कुठून यायच्या? त्या यायच्या रेडिओवरून. आकाशवाणीवर हिंदीत 'धीमी गति के समाचार' लागत. निवेदक एकेक वाक्य सावकाश वाचत असे, उतरून घेणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून. आमचे रात्रपाळीचे उपसंपादक कानाला ट्रान्झिस्टर लावून ते मराठीतच उतरवत. तालुक्याच्या बातम्या एस. टी.ने येत. तिथला वार्ताहर बहुधा शिक्षक असे, नाहीतर किराणा दुकानदार, आणि पुष्कळदा तोच पेपरचा एजंटही असे. तो पाकीट बंद करून कंडक्टरच्या हाती देई. पहाटे पहिल्या गाडीने उलट दिशेला अंकांचे गठ्ठे जात.

या साध्या व्यवस्थेतून एक गोष्ट साधत असे. नगरपालिकेची सभा असो, जिल्हा परिषदेची असो वा बाजार समितीची, आमचा एक माणूस तिथे शेवटपर्यंत बसलेला असे. बातमी मोठी होईल म्हणून तो जात नसे. सभा आहे म्हणून जाई. बहुतेक वेळा पाणीपट्टी, गटारे, दिवाबत्ती याखेरीज काही हाती लागत नसे. पण कोपऱ्यात कुणीतरी लिहून घेतो आहे, एवढ्याने सभेतल्या बोलण्याला थोडा लगाम बसे. विषयपत्रिकेवरचा एखादा ठराव वाचून न दाखवता 'मंजूर, मंजूर' म्हणत पुढे रेटला गेला, तर दुसऱ्या दिवशी निदान तेवढे तरी छापून येई.

छोट्या दैनिकाची ताकद किती असू शकते, याचे मोठे उदाहरण गोव्यातले आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या विरोधकांना मराठी वाचणाऱ्या गोमंतकीयांपर्यंत पोहोचायचे होते. त्यासाठी मडगावहून 'राष्ट्रमत' हे दैनिक निघत होते, तेही मराठीत. त्यातले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर घरोघरी वाचले जाई. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते पडली, बाजूने १,३८,१७०. फरक चौतीस हजारांचा. या निकालामागे इतरही कारणे होती. तरी एका गावातून निघणाऱ्या दैनिकाने एका प्रदेशाच्या नकाशाला हात लावला, असे म्हणायला हरकत नाही. तो कौल आजही टिकून आहे. 'राष्ट्रमत' मात्र पुढे बंद पडले.

आता या दैनिकांच्या ऱ्हासाकडे येतो. त्याची पहिली चाहूल स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही वर्षांत लागली होती, आणि ती सरकारलाही लागली होती. १९५२ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. देशातल्या दैनिकांचा जवळजवळ निम्मा खप पंधरा मालकांच्या हाती आहे, असे आयोगाला आढळले होते. मोठ्या पेपरला जाहिराती भरपूर मिळतात. त्या जोरावर तो कमी किमतीत जास्त पाने देतो. लहान पेपरला तेवढ्या किमतीत तेवढी पाने देता येत नाहीत आणि तो मरतो. यावर आयोगाने उपाय सुचवला तो किंमत आणि पाने यांचे प्रमाण कायद्याने ठरवण्याचा. पाने वाढवायची तर किंमतही वाढवली पाहिजे. त्याप्रमाणे १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९६० मध्ये त्याखालचा आदेश निघाला.

त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले ते आपल्या पुण्याच्या 'सकाळ'ने. नानासाहेब परुळेकर यांनी अमेरिकेतले शिक्षण संपवून आल्यावर १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेले हे दैनिक तेव्हा रोज बावन्न हजारांच्या आसपास खपत होते. रविवार सोडून आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ते चौतीस पाने देई आणि अंकाची किंमत होती सात नवे पैसे. नव्या आदेशाप्रमाणे किंमत आठ पैसे करावी लागणार होती, नाहीतर पाने चोविसावर आणावी लागणार होती. परुळेकरांचे म्हणणे सरळ होते : किंमत वाढली तर वाचक तुटतो, पाने कमी केली तर बातमी तुटते; दोन्हींकडून विचारस्वातंत्र्यच आकसते. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने हे मान्य केले आणि तो कायदा घटनाबाह्य ठरवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर हेही मराठीच. वाचकांपर्यंत पोहोचणे हा वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि लहान पेपर जगवण्याच्या कारणाने सरकारला त्यावर बंधन घालता येणार नाही, हे त्या निकालाचे सार.

मी हा निकाल अनेकदा वाचला आहे. तत्त्व म्हणून तो बरोबरच आहे. पाने किती छापायची हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती असता, तर १९७५ च्या आणीबाणीत त्याचा काय उपयोग झाला असता, याची कल्पना करावी. पण त्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरच्या अंगावरचे एकुलते एक पांघरूण निघाले, हेही तितकेच खरे. १९८२ मध्ये दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने पुन्हा हीच सूचना केली. पुढे काही झाले नाही.

आणि योगायोग असा की, त्याच १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या वृत्तपत्रसृष्टीत एक वेगळेच पर्व सुरू झाले. 'लोकमत' १९७१ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी नागपूरहून दैनिक केले होते. १९८२ मध्ये त्याची औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची आवृत्ती निघाली. मग इतरांच्याही आवृत्त्या निघू लागल्या. शेजारच्या आंध्रात 'ईनाडू'ने १९८९ पासून प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र छोटी पुरवणी द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडेही तीच वाट रुळली. मुख्य अंक राज्याचा, आत चार पाने तुमच्या जिल्ह्याची, पुढे तुमच्या तालुक्याची. तोवर ऑफसेट छपाई आली होती, संगणकावर अक्षरजुळणी आली होती, रंग आले होते. खिळ्यांवर छापलेला आमचा काळपट अंक त्या रंगीत अंकाशेजारी ठेवला की मलाच तो जुना वाटे.

वाचकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच किमतीत, कधी त्याहून कमी किमतीत त्याला जग, देश, क्रिकेट, सिनेमा आणि शिवाय आपल्या गावची बातमी मिळत होती. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर वर प्लॅस्टिकची खुर्ची किंवा भिंतीवरचे घड्याळ. आमच्या वार्ताहरांनाही तिकडे बरे मानधन मिळू लागले, आणि जिल्हाभर विणलेले आमचे जाळे वर्षा-दोन वर्षांत उसवले. कापड दुकानदार आणि सराफ यांच्या जाहिराती रंगीत पानाकडे गेल्या. उरल्या त्या सरकारी नोटिसा आणि निधनवार्ता. एवढ्यावर कागदाचे बिल भागत नाही.

इथवरची हकीकत ही एका धंद्याची हकीकत आहे. मोठा मासा लहान माशाला खातो, त्यात नवल ते काय, असे कुणी म्हणेल. गावची बातमी येते आहे ना, मग ती आमच्या पेपरात आली काय नि मोठ्या पेपरच्या पुरवणीत आली काय! बरेच दिवस मलाही याचे उत्तर देता येत नव्हते. ते मला एका उन्हाळ्यात सापडले.

आमच्या जिल्ह्यात धरणाच्या पाण्यावरून वरचा तालुका आणि खालचा तालुका यांचे जुने भांडण. त्या वर्षी वरच्या तालुक्यात 'पाणी सोडू नका' म्हणून मोर्चा निघाला. खालच्या तालुक्यात 'पाणी सोडा' म्हणून रास्ता रोको झाला. दोन्ही बातम्या एकाच मोठ्या दैनिकात एकाच दिवशी आल्या. पण वरच्या तालुक्याच्या पानावर मोर्चा होता आणि खालच्या तालुक्याच्या पानावर रास्ता रोको. वरच्याला खालचे पान मिळत नव्हते, खालच्याला वरचे. पेपर एक, पण कुणालाही दुसऱ्याचे म्हणणे वाचायला मिळाले नाही. आमचा पेपर चालू असता तर या दोन बातम्या एकाच पानावर, कदाचित शेजारी शेजारी लागल्या असत्या, कारण आमच्याकडे दुसरे पानच नव्हते. खालच्या तालुक्यातल्या माणसाने वरच्याची अडचण वाचली असती. पटली नसती, शिव्याही दिल्या असत्या. पण वाचली असती.

जिल्ह्याचा पेपर गेला आणि आवृत्त्या आल्या, तेव्हा गावची बातमी वाढली, हे मान्य करायला हवे. पण ती गावातच कोंडली गेली. माझ्या गावच्या पुलाचे निकृष्ट काम माझ्याच गावाला कळते, आणि ते आम्हाला आधीच ठाऊक असते. त्याच ठेकेदाराने शेजारच्या तालुक्यात काय केले, हे कळत नाही. ज्याला लाज वाटायला हवी तो अधिकारी जिल्ह्याच्या गावी बसतो, आणि त्याच्या टेबलावर वेगळेच पान येते. चार तालुक्यांतल्या चार तक्रारी एकत्र दिसल्या तर त्याला घोटाळा म्हणतात. वेगवेगळ्या दिसल्या तर त्या किरकोळ तक्रारी ठरतात.

जुन्या दैनिकांची मी आरती ओवाळतो आहे, असे कुणी समजू नये. त्यांतली अनेक एका पुढाऱ्याच्या किंवा एका कारखान्याच्या आश्रयाने जगत. अध्यक्षांच्या वाढदिवसाला पुरवणी निघे, आणि त्यांच्याविरुद्धचे पत्र कचऱ्याच्या टोपलीत जाई. काही पत्रे केवळ सरकारी जाहिराती मिळवण्यासाठी निघत. काहींचा धंदा बातमी छापण्यापेक्षा न छापण्यावर अधिक चाले. दलितांच्या वस्तीत काय घडते हे गावकुसाआतल्या वार्ताहराला दिसत नसे, किंवा दिसूनही लिहावेसे वाटत नसे. पण या रोगांतला कोणता रोग आवृत्त्यांनी बरा केला? वाढदिवसाची पुरवणी राहिलीच. ती रंगीत झाली, एवढेच. वार्ताहरालाच जाहिरातीचे उद्दिष्ट दिले गेले. ज्याच्याकडे जाहिरात मागायला जायचे त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे? २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर विकत घेतलेल्या बातम्यांचा जो गाजावाजा झाला आणि ज्याची चौकशी प्रेस कौन्सिललाही करावी लागली, त्याचे मूळ या व्यवस्थेत होते.

आणखी एक नुकसान सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. धरणात गाव गेलेले एक वृद्ध गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. त्यांच्या तरुणपणी एका मंत्र्याने जाहीर सभेत विस्थापितांना जमिनीचे आश्वासन दिले होते. ते आमच्या पेपरात छापून आले होते, तो अंक त्यांना हवा होता. महिना त्यांना आठवत होता, वारही आठवत होता. पण कार्यालयाची इमारत विकली गेली तेव्हा फायली रद्दीत गेल्या होत्या. कायद्याप्रमाणे प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी काही ग्रंथालयांकडे जायला हवी. लहान पत्रांच्या बाबतीत ते नियमाने होत नसे. त्या सभेची दुसरी कुठलीही नोंद त्यांना मिळाली नाही. जिल्ह्याचा पेपर बंद पडतो तेव्हा उद्याच्या बातमीबरोबर कालचा पुरावाही जातो.

ही व्यथा आपलीच आहे असेही नाही. अमेरिकेत तर गावोगावी स्वतःचे दैनिक असे. डेन्व्हरचे दीडशे वर्षांचे 'रॉकी माउंटन न्यूज' फेब्रुवारी २००९ मध्ये बंद पडले, आणि २००५ नंतरच्या वीस वर्षांत तिथली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे नाहीशी झाली. तिथल्या तीन संशोधकांनी एक हिशेब मांडला. ज्या भागात स्थानिक वृत्तपत्र बंद पडले, तिथल्या स्थानिक संस्थांना रोखे काढून मिळणारे कर्ज त्यानंतर महाग झाले. म्हणजे सभेत कुणी लिहून घेणारा नसला की त्याची किंमत पडते, आणि ती नागरिकाच्या करातून जाते. आमच्या कोपऱ्यातल्या वार्ताहराची किंमत अशी आकड्यांत कुणी काढली नव्हती, एवढेच.

आता तर आवृत्त्यांवरही तीच वेळ आली आहे. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात काही दिवस घरोघरी पेपर टाकण्यास मनाई झाली. त्या दिवसांत सुटलेली सवय अनेक घरांत परत आली नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर कागद कडाडला. पाने घटवायची वेळ आली की आधी तालुक्याचे पान जाते. ज्याने जिल्ह्याच्या पेपरला हटवले, तोच आता जिल्ह्यातून हात आखडता घेतो आहे, आणि त्याची जागा घ्यायला कुणी उभा नाही. मोबाइलवर चालणारी गावोगावची वृत्तवाहिन्या म्हणवणारी खाती आहेत, त्यांत काही धडपडी तरुण प्रामाणिकपणे काम करतात. पण अर्थसंकल्पाच्या सभेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहणे कुणाला परवडते?

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. २०२२ नंतर निवडणुका लांबत गेल्याने राज्यातल्या बहुतेक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. प्रश्न विचारणारे सभागृह नाही आणि लिहून घेणारा पेपर नाही, अशी ती वर्षे गेली. त्या काळात किती ठेके कुणाला दिले गेले, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

जुने दिवस परत येणार नाहीत, खिळे तर नाहीतच. पण दोन गोष्टी आजही हातात आहेत. ज्या जिल्हा दैनिकांच्या फायली वाचनालयांत, जुन्या छापखान्यांत, संपादकांच्या वारसांच्या माळ्यावर अजून शिल्लक आहेत, त्या वाळवीच्या आधी गाठून त्यांची छायाचित्रे तरी घेऊन ठेवता येतील. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतले तर एका वर्षाचे ते काम आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून सोपी. आपल्या नगरपालिकेची पुढची सर्वसाधारण सभा कोणत्या तारखेला आहे, विषयपत्रिकेवर काय आहे, एवढी चौकशी करावी. जमले तर जाऊन कोपऱ्यात बसावे. सोबत एक वही न्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)